अकरा टक्के

तर्जनीची दोन पेरं गेली
म्हणजे अकरा टक्के.
बागवान वकीलबाईंनी सांगितलं, तक्त्यावर नख ठेवून.
अंगठ्याला तीस. मधलं बोट अख्खं गेलं तर बारा.
करंगळीला सात.
पंचवीस वर्षं मी विड्या वळते, रोज हजार,
चेकर मूठभर छाट काढून फेकतो, तेवढ्या पुन्हा.
मोजणं मला नवं नाही.
माणूस असा सुटा सुटा मोजतात,
हे मात्र माहीत नव्हतं.

मल्लेशम एक्केचाळीसचा.
अशोक चौकामागं, कोंगारी शेठच्या कारखान्यात
टॉवेलचे चार माग त्याच्याकडं. रात्रपाळी.
गिअरवरची जाळी दिवाळीत काढली ती कोपऱ्यातच उभी,
तिच्यावर कुणाचं तरी बनियन वाळत.
बोट गेलं तेव्हा माग थांबला नाही.
शेजारच्यानं बटण दाबेपर्यंत
वीतभर टॉवेल विणून झाला होता.
त्या वितीचं काय केलं, मी नंतर विचारलं.
कापून टाकली, म्हणाले. सेकंडमध्येसुद्धा गेली नसती.

शेठ घरी आले, सफरचंदं घेऊन.
आमच्यातलेच. नारळी पौर्णिमेला रथापुढं
फेटा बांधून पहिल्या रांगेत असतात.
"अक्का," म्हणाले, आणि मग तेलुगूत, हळू,
घरातल्यासारखं:
पंचवीस हजार घ्या, इथं सही करा.
पाचशेचा स्टॅम्प. त्यांची सही आधीच केलेली.
मल्लेशमनं सवयीनं उजवा हात पुढं केला.
पट्टीत पेन बसेना.
"असू दे, उद्या अंगठा घेऊ," म्हणून ते उठले.
चपला घालेपर्यंत स्टॅम्प माझ्या सुपात,
तंबाखूखाली.

ईएसआयचं कार्ड नाही.
हजेरीपटावर आठच नावं,
दहा झाली की कार्ड द्यावं लागतं.
शेठच्या वकिलानं कैफियत दिली:
सदर इसम आमच्याकडे कामास नव्हता.
पाणी पिण्यासाठी आत आला असावा.

पाणी पिण्यासाठी.
अकरा वर्षं.

मग वकीलबाईंनी सुपातला कागद काढला.
तंबाखूचा वास टेबलापर्यंत गेला, साहेब शिंकले.
"माझ्या कारखान्यात काम करीत असताना"
शेठच्याच कागदात, शेठच्याच सहीच्या वर.
बाई मला आधीच म्हणाल्या होत्या,
तुम्ही सही केली असती तरी
हक्क असा लिहून देता येत नाही.
मला तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

पगाराचा पुरावा भिंतीवरून काढून नेला:
तेलुगू कॅलेंडर, दर शनिवारच्या चौकटीत आकडा.
अक्षर माझं, शाळा तिसरीपर्यंत.
साहेब म्हणाले, वाचा.
मूडु वेलु. तीन हजार.
मूडु वेलु. तीन हजार.
क्लार्क टाईप करत होता.
एका शनिवारी, लेदु.
म्हणजे? म्हणजे नाही.
त्या आठवड्यात आम्ही काय खाल्लं तेही आठवलं,
पण ते कुणी विचारलं नव्हतं.

बारा हजारांचे साठ टक्के,
गुणिले त्याच्या वयाचा आकडा,
एकशे एक्क्याऐंशी पूर्णांक सदतीस,
त्याचे अकरा टक्के:
एक लाख त्रेचाळीस हजार सहाशे पंचेचाळीस.
महिन्याभरात द्यायचे होते, दिले नाहीत,
म्हणून वर व्याज, सालाला बारा.
आमच्या बोटाला अकरा,
त्यांच्या उशिराला बारा.

निकाल नाही अजून. पुढची तारीख एकोणीस.
रात्री मल्लेशम सुताची दोन टोकं घेऊन बसतो.
विणकराची गाठ अंगठ्या-तर्जनीची,
तो मधल्या बोटानं शिकतोय.
सुटते. पुन्हा.
बाई म्हणाल्या, तक्ता अकराच म्हणतो,
पण गाठच येत नसेल तर जास्त मागून बघू,
डॉक्टरांनी तसं लिहून द्यायला हवं.
हे मी त्याला सांगितलेलं नाही.

काल एक गाठ बसली.
त्यानं ओढून बघितली. सुटली नाही.
माझ्याकडं बघून हसला.
माझे चारशे आणि किती ते चुकलं,
कट्टा सोडून पुन्हा एकपासून मोजायला घेतलं.